ऊसतोडीला निघण्यापूर्वी जन्मनोंदणीची तयारी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे सांगली-कोल्हापूरसारख्या भागांतल्या साखर कारखान्यांकडे निघतात, तेव्हा ज्या घरात हंगामातच बाळंतपण होणार आहे, त्या घराने धान्य-भांड्यांबरोबर कागदपत्रांची पिशवीही बांधावी. तीत आईवडिलांची आधार कार्डे आणि माता व बाल संरक्षण कार्ड असावे, तेही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, कारण कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, कागद भिजायला वेळ लागत नाही. आईवडिलांची नावे आधारवर आहेत तशीच एका कागदावर ठळक लिहून ठेवावीत; प्रसूतीच्या धांदलीत तोंडी सांगितलेल्या नावातली एका अक्षराची चूक पुढे अनेक वर्षे त्रास देते.

जन्माची नोंद मूळ गावी नव्हे, तर बाळ जिथे जन्मले तिथल्या जन्म-मृत्यू निबंधकाकडे होते, ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला निघण्याआधीच ठाऊक हवी. म्हणून तळावर पोहोचताच आपल्या कोप्या कोणत्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहेत आणि जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, हे विचारून घ्यावे. दवाखान्यात जन्म झाल्यास तेथील वैद्यकीय अधिकारी नोंदीसाठी माहिती कळवतात. कोपीत झाल्यास ती जबाबदारी कुटुंबप्रमुखाची असते आणि मुदत २१ दिवसांची असते. त्यानंतर जन्मापासून ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते, वर्षाच्या आत निबंधकाच्या वरिष्ठांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. तोवर ऊसतोड मजुरांची टोळी गावी परतलेली असते, आणि सांगली-कोल्हापूरला पुन्हा पुन्हा खेपा घालायच्या तर मजुरी बुडते. अशा वेळी नोंद राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यात बाळाचा काहीच दोष नसतो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, पासपोर्ट अशा कामांत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो.

बारशाची वाट पाहू नये. नावाशिवायही नोंद होते आणि वर्षभरात नाव विनाशुल्क घालता येते. नोंद झाल्यावर पहिला दाखला विनामूल्य मिळतो. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, परतीचा ट्रक भरण्याआधी तो हाती घ्यावा, आईचे नाव, तारीख आणि जन्मस्थळ तिथेच कुणाकडून तरी वाचून घ्यावे आणि त्याचा फोटो घरातल्या दोन मोबाइलांवर ठेवावा.