फिटनेस बँडचा रोजचा डेटा आणणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहावं

मनगटावरच्या बँडमधली पावलं, झोप आणि हृदयाचे ठोके रोज खेचून एका सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या) फाइलमध्ये टाकणारं टूल लिहिणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. ते दुसऱ्याला वापरता येईल असं समजावून सांगणं मात्र अवघड आहे. बहुतेक रीडमी फाइल (टूलसोबत दिलेल्या माहितीच्या फाइल) ‘इन्स्टॉल करा, रन करा’ एवढ्यावर संपतात आणि फाइलमधल्या आकड्यांचा अर्थ लावायचं काम वापरणाऱ्यावर येऊन पडतं. माझ्या मते या प्रकारच्या टूलमध्ये डॉक्युमेंटेशनची खरी जागा तीच आहे. उदाहरणासाठी फिटबिट कंपनीचा बँड घेऊ.

सुरुवात निकालाने करा. टूल काय करतं ते एका वाक्यात सांगा आणि लगेच खाली फाइलच्या तीन-चार ओळी दाखवा: तारीख, पावलं, झोपेची मिनिटं, विश्रांतीच्या वेळचे ठोके. आपल्याला हवं ते इथे मिळेल की नाही, हे वाचणाऱ्याला तिथेच कळतं. नमुन्यातले आकडे बनवलेले असू द्या. कोण कधी झोपतं आणि कधी उठतं ही खासगी माहिती आहे, स्वतःचीसुद्धा उघड्यावर टाकू नये.

त्यानंतर परवानगी, म्हणजे फिटबिटच्या सर्व्हरवरचा तुमचा डेटा टूलला वाचू देणं. सर्वात जास्त लोक इथेच अडकतात, म्हणून एकही क्लिक गाळू नका. फिटबिटच्या डेव्हलपर साइटवर ॲप नोंदवताना प्रकार विचारला जातो. स्वतःच्या खात्याचा मिनिटामिनिटाचा डेटा हवा असेल तर तिथे ‘पर्सनल’ निवडावं लागतं. रीडायरेक्टचा पत्ता (परवानगी दिल्यावर ब्राउझर जिथे परत जातो तो) टूलमध्ये आहे तोच, शेवटच्या तिरक्या रेघेसकट, अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. ॲक्सेस टोकन (डेटा मागताना दाखवायची तात्पुरती किल्ली) साधारण ८ तास चालतं, मग रिफ्रेश टोकन देऊन नवं घ्यायचं. रिफ्रेश टोकन एकदाच वापरता येतं आणि प्रत्येक वेळी नवी जोडी मिळते. म्हणून टोकनची फाइल कॉपी करून दोन कॉम्प्युटरवर टूल चालवलं, तर एकाने टोकन बदललं की दुसरा बाहेर पडतो. हे वाक्य डॉक्युमेंटेशनमध्ये हवंच. टोकन कोणत्या फाइलमध्ये साठतात तेही लिहा आणि ती फाइल गिटमध्ये (कोड साठवायच्या आणि इतरांना द्यायच्या व्यवस्थेत) जाणार नाही याची सोय आधीच करून ठेवा.

आता सर्वात महत्त्वाचा भाग: ‘दिवस’ म्हणजे काय ते लिहा. तारीख खात्यात नोंदवलेल्या टाइमझोनप्रमाणे धरली जाते. सोमवारी रात्री ११ला झोपून मंगळवारी सकाळी ६ला उठलेल्या माणसाची झोप मंगळवारच्या खात्यात जाते. त्याच ओळीतली पावलं मात्र मंगळवारी दिवसभरात चाललेली असतात. झोपेचा चालण्यावर काय परिणाम होतो हे शोधणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्याचा सगळा हिशेब एका दिवसाने सरकेल.

शिवाय कालचा आकडा आज बदलू शकतो. बँड मिनिटामिनिटाचा तपशील साधारण ७ दिवस आणि रोजची बेरीज ३० दिवस स्वतःजवळ ठेवतो, आणि फोनशी सिंक झाल्यावरच ती माहिती सर्व्हरवर पोहोचते. टूल मागचे किती दिवस पुन्हा आणतं आणि जुन्या ओळींवर नव्या लिहितं का, ते स्पष्ट सांगा. मी तर किमान ७ दिवस पुन्हा आणावेत असंच म्हणेन.

शून्य आणि रिकामी जागा यांतला फरकही लिहा. बँड घातलाच नव्हता त्या दिवशी पावलं शून्य दिसतात. विश्रांतीच्या ठोक्यांची नोंद मात्र सर्व्हरच्या उत्तरात येतच नाही. टूल तिथे रिकामा रकाना ठेवत असेल तर तसं सांगा, नाहीतर कुणीतरी तिथे शून्य धरून सरासरी काढेल. एककंही द्या. सर्व्हरला पाठवलेल्या विनंतीत भाषेचा हेडर (भाषा सांगणारी ओळ) नसेल तर अंतर किलोमीटरमध्ये येतं, अमेरिकन इंग्रजी मागितली तर मैलांमध्ये.

मर्यादा थोडक्यात, पण आकड्यांसह लिहा. एका वापरकर्त्यामागे तासाला १५० विनंत्या, त्यापुढे ४२९ क्रमांकाची एरर. वर्षभराची झोप एकेक दिवस करून मागितली तर ३६५ विनंत्या लागतात. एका वेळी १०० दिवसांपर्यंतचा पट्टा मागता येतो, म्हणजे चार विनंत्यांत काम होतं. टूल यांतलं काय करतं आणि मर्यादा संपल्यावर थांबून राहतं की बंद पडतं, ते सांगा. एररचा मजकूर स्क्रीनवर दिसतो तसाच उतरवा, कारण लोक तोच कॉपी करून शोधतात.

गूगलने २०२१मध्ये फिटबिट ताब्यात घेतल्यानंतर लॉगिनपासून बरंच काही बदललं आहे. म्हणून सर्वात वर ‘शेवटची तपासणी’ अशी तारीख ठेवा. ती टाकण्याआधी टूल कधीच न पाहिलेल्या एखाद्या माणसाला नव्या कॉम्प्युटरवर फक्त लिहिलेलं वाचून सगळं करायला सांगा. तो जिथे तुम्हाला प्रश्न विचारेल, तिथे एक वाक्य वाढवा.