खाऱ्या पाण्याची टाकी सायकल करताना घाई नको

टाकी आणली, पाणी भरलं, मासे सोडले, असं इथे चालत नाही बरं का. आधी टाकी सायकल करायची, म्हणजे माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तिच्यात वाढवायचे. नळाचं पाणी नको, आरओ-डीआयचंच (क्षार गाळून काढलेलं शुद्ध पाणी) घ्या, त्यात मरीन सॉल्ट वेगळ्या बादलीत नीट विरघळवून घ्या आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) १.०२५ च्या आसपास आलं की मगच टाकीत ओता. साधं मीठ अजिबात नको. हीटर २५-२६ डिग्रीवर, पंप चालू, लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले समुद्री दगड) आत.

आता खरी परीक्षा, म्हणजे वाट बघणं. बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत दोन भाग) टाका (बिचाऱ्या माशाला कशाला यात ढकलायचं!), मग एका जातीचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट, आणि ही फौज तयार व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे जातात. मधेच दगडांवर तपकिरी थर येतो, तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा, घाबरून टाकी धुवायला घेऊ नका. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट करा. परत २ पीपीएम टाकलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य आला की झालं काम, मग नायट्रेट उतरवायला मोठा वॉटर चेंज मारा आणि एकच मासा सोडा, एकच हं!