दैवतीकरण हा शब्द कसा फोडायचा, कुठे वापरायचा

परवा नाक्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, वर मोठ्ठं 'आमचे दैवत' आणि खाली शुभेच्छुकांचे तीसेक पासपोर्ट साइज चेहरे. भाची म्हणाली, मामा, माणसाचा असा देव करतात त्याला एक शब्द आहे ना? म्हटलं आहे, दैवतीकरण. तिने लगेच मोबाइलवर टाइप केलं, 'दैवतिकरण'.

तर ती 'ती' दीर्घच का हे आधी बघा, सगळी गंमत तिथेच आहे. शब्दाचे तुकडे करा. दैवत आलं देवतावरून, देवता देववरून, आणि देवच्या मागे गेलं की दिव् धातू लागतो, म्हणजे चमकणं (दिवस त्याच कुळातला, दिवा मात्र दीपवरून आलाय, फसू नका). पुढचा तुकडा करण, म्हणजे करणं. मग मधे ई कुठून आली? संस्कृतात याला च्वि प्रत्यय म्हणतात, पाणिनीने सांगितलाय, की जे आधी तसं नव्हतं ते तसं केलं तर आधीच्या शब्दातल्या शेवटच्या अ चा ई होतो, शुद्धचं शुद्धीकरण, तसंच हे. म्हणजे हा माणूस आधी देव नव्हता हे ती ईच सांगून टाकते! म्हणून सिद्धिविनायकाचं दैवतीकरण म्हणू नका, तो आहेच देव. सचिनचं चालेल, 2013 ला वानखेडेवर शेवटची टेस्ट बघितलेल्यांना विचारा.

इंग्रजी डीइफाय पण असाच बनलाय, लॅटिन देउस म्हणजे देव आणि फाकेरे म्हणजे करणं. रोममध्ये तर हे सरकारी काम होतं, ज्युलियस सीझर मेल्यावर इसवी सन पूर्व 42 मध्ये सिनेटने त्याला रीतसर देव ठरवला. आपल्याकडे फ्लेक्सवाला तेवढं एका रात्रीत करून देतो.

वापरताना एवढं बघा, की हा लेखातला शब्द आहे, 'त्या नेत्याचं दैवतीकरण झालं' असा. लोकलमध्ये असं बोललात तर लोक वळून बघतील, तिथे 'देव्हाऱ्यात बसवलाय त्याला' म्हणा, आणि चिडला असाल तर 'किती देव्हारे माजवाल' म्हणा. 'डोक्यावर घेतलाय' त्यापेक्षा हलकं, तेवढं नवीन हिरोलाही मिळतं. कुठे कुठे दैवीकरणपण लिहिलेलं दिसतं, पण मराठीत दैव म्हटलं की आधी नशीब आठवतं, म्हणून मी तरी टाळतो.