देशी मागूरचं वांझ बीज कसं करायचं, बर्फाच्या पाण्याची पद्धत

आमच्या निपाणी-चिकोडी भागात शेततळ्यात, म्हणजे कृषी होंड्यात, मागूर मासळी टाकली की वर्षभरात मादीच्या पोटात गाबोळी भरते आणि आपण विकत घेतलेलं खाद्य मांसात जायच्या ऐवजी अंड्यात जातं. यावर उपाय म्हणजे ट्रिप्लॉइड बीज, म्हणजे गुणसूत्रांचे (क्रोमोसोमचे) दोनाऐवजी तीन संच असलेली पिल्लं, आणि त्याला मोठी लॅब लागत नाही, थर्मोकोलचा डबा, बर्फ, थर्मामीटर आणि मोबाईलचं स्टॉपवॉच एवढं पुरतं.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, नाहीतर वेळ का पाळायची ते कळणार नाही. आपल्या मागूरच्या पेशीत ५० क्रोमोसोम, २५ आईकडचे २५ बापाकडचे. अंडं मादीतून बाहेर येतं तेव्हा त्याचं दुसरं विभाजन अर्ध्यात थांबलेलं असतं, शुक्राणू आत गेला की ते पुरं होतं आणि आईचा एक जादा संच पोलर बॉडी नावाच्या बारक्या पेशीतून बाहेर फेकला जातो. नेमक्या त्याच मिनिटांत अंड्याला कडक गारठा बसला की तो संच आतच अडकतो, झाले ७५. तीन संचांच्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून असला मासा वांझ राहतो.

काम जून ते ऑगस्टमध्ये करायचं. नराची जननेंद्रियाची गाठ लांबट टोकदार, मादीची गोल बटणासारखी. संध्याकाळी ५ ला ओव्हाप्रिमचं, म्हणजे अंडी पिकवणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन दिलं तर पाणी २७-२८ अंश असताना दुसऱ्या दिवशी १० च्या आसपास मादी पिळायला, म्हणजे पोट दाबून अंडी काढायला, तयार होते. पण आपल्याकडं जुलैत हवा किती गार असते माहितीय, खानापूर साईडला तर जास्तच, त्यामुळं टाकीत ॲक्वेरियमचा हीटर लावाच, गार पाण्यात सगळं उशिरा होतं आणि पुढची मिनिटं चुकतात.

मागूरचा नर पिळून मिल्ट (शुक्राणूंचा द्रव) देत नाही, त्याचं वृषण काढून बारीक करावं लागतं, ते औषधाच्या दुकानातल्या ०.९ टक्के सलाईनमध्ये कालवा. कोरड्या भांड्यात अंडी पिळा, वर मिल्ट घाला, कोंबडीच्या पिसानं हळू फिरवा आणि मग पाणी घाला. पाणी पडलं त्या क्षणाला स्टॉपवॉच चालू, आधी नाही. मागूरची अंडी चिकट असतात, म्हणून लगेच मच्छरदाणीच्या कापडाच्या चौकटीवर एकाच थरात पसरा, चौकट उचलून गार पाण्यात घालायला सोपी जाते.

आता मुख्य भाग. आफ्रिकन मागूरवर १९८० च्या दशकात ठरलेला हिशोब असा, की फलनानंतर ३ मिनिटांनी ५ अंशाच्या पाण्यात ४० मिनिटं. तोच पाया धरा आणि आपल्या मागूरसाठी छोटे छोटे लॉट करून बघा, एक २ मिनिटांनी, एक ३, एक ४, आणि एक लॉट अजिबात गार न करता बाजूला ठेवा. हा साधा लॉट सोडू नका, पाया पडून सांगतो, कारण पिल्लं मेली तर गारठ्यानं मेली की अंडीच खराब होती हे त्याच्याशिवाय कळत नाही. मी पहिल्या वर्षी तो ठेवलाच नव्हता, वर सुट्टा बर्फ टाकत राहिलो, पाणी ३ च्या खाली गेलं, दुपारपर्यंत सगळी अंडी पांढरीफेक, आणि चूक कुठं झाली ते शोधायला काहीच हातात नाही. तेव्हापासून बर्फ पिशवीत बांधूनच सोडतो, पाणी तासभर आधी गार करून ठेवतो आणि डब्यात २० लिटर तरी पाणी घेतो म्हणजे चौकट घातल्यावर तापमान उडी मारत नाही.

४० मिनिटं झाली की चौकट परत २७-२८ च्या पाण्यात. एका दिवसात फुटायला लागतात, पांढरी अंडी काढत राहा नाहीतर बुरशी चांगल्यांवर चढते. गार केलेल्या लॉटात पिल्लं कमीच निघणार आणि काही वाकडीही निघणार, ते धरूनच चाला. तीन-चार दिवसांत पोटातला बलक संपला की आर्टेमिया किंवा बारीक मोइना, म्हणजे पाण्यातले बारके जिवंत जीव, द्या.

बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, झाली की तपासणी. एक थेंब रक्ताचा काचेवर लेप करून गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रंगवून घ्या. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, ट्रिप्लॉइडमध्ये त्याचं आकारमान साधारण दीडपट होतं, ते साध्या लॉटच्या माशाशेजारी ठेवून मोजा. नुसत्या अंगावरून ओळखू येत नाही. आणि वाढ पहिल्या दिवसापासून जास्त दिसेल असं समजू नका, फरक पडला तर गाबोळी भरायच्या वयाला पडतो.

यूव्ही किरणांनी शुक्राणूतले क्रोमोसोम निकामी करून फक्त आईच्या क्रोमोसोमची पिल्लं काढतात, चार संचांचीही काढतात, पण ते काम संस्थांचं, आपल्या शेडचं नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं. वांझच आहे की म्हणून कोणी आफ्रिकन मागूरवर हे करायला जाऊ नका. ती मासळी आपल्या देशात २००० पासून बंद आहे, २०१९ मध्ये हरित लवादानंही आदेश दिलाय, आणि गारठ्याची पद्धत दर वेळी शंभर टक्के बसत नाही. पावसात होंडा फुटला आणि न बसलेली दोन-चार जरी दूधगंगेत नाहीतर घटप्रभेत गेली तरी ती तिथली बारकी मासळी खाऊन टाकतील.