कुकर लावण्याआधी नळीतून उजेड बघा

कुकरचं झाकण हातात घ्या, शिट्टी काढून बाजूला ठेवा आणि झाकण खिडकीकडे धरून शिट्टीच्या नळीतून आरपार बघा. पलीकडचा उजेड गोल, स्वच्छ दिसला तर कुकर लावायला हरकत नाही. उजेड अर्धवट दिसला तर आत डाळीचं साल, भाताचं शीत किंवा वाळलेला फेस अडकलाय. झाकण नळाखाली उलटं धरून जोरात पाणी सोडा, तेवढ्यानं गेलं नाही तर जाड सुई किंवा बारीक तार घालून साफ करा आणि परत उजेड बघा. या कामाला दहा सेकंद लागतात, आणि ते रोज, प्रत्येक वेळी करायचं. कारण कुकरमधली जास्तीची वाफ बाहेर पडायची हीच नेहमीची वाट आहे. ती बुजली तर बाकीची सगळी काळजी अपुरी पडते.

आत काय चाललेलं असतं ते एकदा नीट समजून घेतलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि आच कितीही वाढवली तरी तापमान त्यापुढे जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं वाढतो आणि पाणी 120 अंशांच्या आसपास पोचतं. या वीस अंशांमुळे तूरडाळ तासाऐवजी दहा मिनिटांत मऊ होते. दाब ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की शिट्टीचं वजन उचललं जातं, थोडी वाफ सुटते, वजन परत खाली बसतं. म्हणजे शिट्टी होते ती दाब पुरेसा झाला म्हणून. आच तितकीच मोठी ठेवली तर नुसतं पाणी आणि गॅस वाया जातो, आतलं तापमान वाढत नाही.

म्हणून शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतील, बारीक आचेवर वीस मिनिटांतही होणार नाहीत. ‘तीन शिट्ट्या’ हे माप फक्त त्या घरातल्या त्या बर्नरपुरतं खरं असतं. पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी, ती झाली की आच बारीक, आणि तिथून घड्याळ लावायचं.

रोजचा वरण-भाताचा कुकर

इथे वाटी म्हणजे 150 मिलीची. पाच लिटरच्या कुकरच्या तळाशी जाळी ठेवून दोन वाट्या पाणी घाला. ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडू नये म्हणून त्या पाण्यात चिंचेचं बुटुक किंवा पिळलेल्या लिंबाची फोड टाका. खालच्या डब्यात तूरडाळ, वरच्यात तांदूळ. डाळीला जास्त उष्णता लागते, म्हणून ती खाली.

डाळ अर्धा तास भिजवलेली असेल तर एका वाटीला दोन वाट्या पाणी, न भिजवता लावली तर अडीच. हळद, चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलामुळे फेस कमी येतो. मीठ, टोमॅटो, चिंच, आमसूल यांतलं काही आत्ता घालू नका. आंबटाने डाळीचं साल आणि दाणा घट्ट राहतो, वरण कितीही घोटलं तरी कणी जाणवते. बोअरचं जड पाणी असेल तरी हेच होतं. तेव्हा एका वाटीला अगदी चिमूटभर खायचा सोडा पुरतो. जास्त झाला तर वरणाला साबणासारखी चव येते.

तांदळाला पाणी त्याच्या वयावर. जुना कोलम असेल तर वाटीला दोन ते सव्वादोन, नवा तांदूळ असेल तर पावणेदोन. नव्या इंद्रायणीला जास्त पाणी घातलं की भात गिच्च होतो, तिथे हात आखडता ठेवा. दोन्ही डबे कडेपर्यंत भरू नयेत, बोटभर जागा हवी. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर आठ ते दहा मिनिटं, मग गॅस बंद आणि कुकर आपोआप पडेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. या वेळातही शिजणं चालूच असतं, भात मोकळा होतो तो इथेच.

छोल्यांना मात्र धीर लागतो. रात्रभर भिजवलेले छोले, वाटीला तीन वाट्या पाणी, पहिल्या शिट्टीनंतर पंचवीस मिनिटं. राजमाही तसाच, पंधरा ते वीस मिनिटं, पण भिजवलेलं पाणी ओतून टाकून नव्या पाण्यात. राजमा टचटचीत राहिला तर तसाच वाढू नका, परत कुकर लावा. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो पूर्ण शिजल्यावरच जातो. अर्धवट शिजलेल्यानं काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात.

पुरणाची डाळ: सगळ्यात जास्त सांभाळायची

सणाच्या दिवशी घाई असते, डाळ नेहमीपेक्षा जास्त असते आणि ती डब्यात न लावता थेट कुकरमध्ये घातलेली असते. हरभऱ्याच्या डाळीला भरपूर फेस येतो. फेसाबरोबर पातळ सालं वर चढतात आणि नेमकी शिट्टीच्या नळीत जाऊन बसतात. नळी बंद झाली की शिट्टी होत नाही, आणि बाहेरचा माणूस समजतो की अजून वेळ आहे.

म्हणून फेस येणाऱ्या कुठल्याही डाळीला कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. भाज्या, मटण अशा न फुगणाऱ्या पदार्थांना दोन तृतीयांश चालतो. पाच लिटरच्या कुकरमध्ये तीन वाट्या हरभरा डाळ आणि नऊ वाट्या पाणी आरामात मावतं. चार वाट्या डाळ ही अगदी शेवटची मर्यादा. जास्त पोळ्या हव्या असतील तर डाळ दोनदा लावा.

डाळ दोन तास भिजवा, चोळून धुवा, सुटलेली सालं पाण्याबरोबर जाऊ द्या. पाणी घालून झाकण न लावता आधी उकळी आणा. पिवळट पांढरा फेस वर गोळा होईल, तो झाऱ्यानं काढून टाका. मग हळद आणि चमचाभर तेल घालून झाकण लावा. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर बारा-पंधरा मिनिटं. दाणा बोटात सहज चेपला गेला पाहिजे, पण त्याचं पीठ व्हायला नको. डाळ चाळणीत निथळून कट आमटीला बाजूला काढा. गूळ कुकरमध्ये कधीच घालू नका, डाळ शिजली नसेल तर ती तशीच राहते आणि तळाला लागते. गूळ घालून पुरण उघड्या कढईतच आटवायचं, लांब दांड्याच्या उलथन्यानं. त्या वेळी जे फटफट उडतं ते हाताला चिकटून राहतं आणि नुसत्या गरम पाण्यापेक्षा खोल भाजतं.

साबुदाणा, शेवया, पास्ता, ओट्स हे थेट कुकरमध्ये शिजवू नयेत. तेही फसफसून नळी बुजवतात.

रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह

कडेनं वाफ सुटते आणि शिट्टी होत नाही, म्हणजे रिंग गेली. रिंग रोज झाकणातून काढून धुवावी, सावलीत वाळवावी. वाकवल्यावर भेगा दिसल्या, कडक वाटली किंवा ताणलेली राहिली तर बदला. दिवसातून दोनदा कुकर लागणाऱ्या घरात रिंग वर्षभर पुरली तर पुष्कळ झालं. फ्रीजरमध्ये ठेवून आकसलेली रिंग एखादा दिवस भागवते, पण कडेला कणीक थापून किंवा दोरा गुंडाळून कुकर लावणं हा जिवाशी खेळ आहे. काही कुकरमध्ये झाकणाच्या कडेला एक खाच असते. दाब फार वाढला तर रिंग त्या खाचेतून बाहेर ढकलली जाऊन वाफ सुटावी, यासाठी ती केलेली असते. तिथे काही थापलं की तीही वाट बंद.

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे झाकणावरचं ते छोटं बोंड. बहुतेक कुकरमध्ये त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू असतो. नळी बुजली किंवा आतलं पाणी आटलं की तापमान वाढतं, धातू वितळतो आणि वाफ जोरात सुटते. व्हॉल्व्ह उडाला म्हणजे त्यानं त्याचं काम केलं. त्या भोकात कणीक, एम-सील, लाकडाचा तुकडा काही बसवायचं नाही. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा व्हॉल्व्ह आणा, आणि तो का उडाला ते आधी शोधा. ‘बसतो ना’ म्हणून दुकानदार दुसराच देऊ लागला तर घेऊ नका.

नवा कुकर घेताना आयएसआय खूण आणि आयएस 2347 हा मानक क्रमांक बघा. 2021 पासून घरगुती कुकरला ही खूण सक्तीची आहे. भेट म्हणून आलेल्या कुकरवरही ती तपासा.

शिट्टी होत नाही तेव्हा

पहिल्यांदा गॅस बंद. शिट्टीला चमच्यानं टोचू नका, झाकणावर वाकून बघू नका. वीस मिनिटं तसाच राहू द्या. मग उलथन्यानं शिट्टी जराशी उचलून बघा, तोंड लांब ठेवून. वाफ आली तर थांबा. वाफ आली नाही तरी नळी बुजलेली असू शकते, म्हणून कुकर हाताला कोमट लागेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही.

बाहेरून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचा दांडा फिरत नसेल तर आत दाब आहे. तिथे जोर लावला की झाकण उडतं आणि उकळती डाळ अंगावर येते. आतून बसणारं झाकण दाबामुळेच घट्ट असतं, दाब गेला की ते सैल पडून आपणच खाली येतं. दोन्हींत नियम एकच: सहज उघडलं तर उघडा. खिचडी, पुरण, आमटी असं दाट काही असेल तर उघडण्याआधी कुकर एकदा हलकेच हलवा. दाट पदार्थाखाली वाफेचे बुडबुडे दडलेले असतात, ते झाकण काढल्याबरोबर उसळतात. झाकण आपल्या बाजूनं उचलायचं नाही, पलीकडची कड आधी उचलायची.

जळका वास आला आणि तळाच्या जाळीची खडखड थांबली असेल तर पाणी आटलंय. गॅस बंद करा. तापलेल्या रिकाम्या कुकरमध्ये गार पाणी ओतू नका.

मुलं असलेल्या घरात कुकर मागच्या बर्नरवर, दांडा आतल्या बाजूला. आच तळाच्या बाहेर आली तर दांडे करपून सैल होतात, आणि सैल दांड्याचा कुकर उचलताना हातातून निसटतो.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. शिट्टीतून उतू गेलेल्या फेसानं बर्नर विझतो आणि गॅस तसाच सुटत राहतो. कुकर लावून दुसऱ्या खोलीत जाऊ नये याचं हे मोठं कारण. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. पाइपचा गॅस हलका, तो छताकडे जातो. वास आला तर दिवा, पंखा, एक्झॉस्ट यांचं कुठलंच बटण लावायचंही नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर जाऊन फोन लावा. सिलिंडरसाठी 1906 हा क्रमांक चोवीस तास चालतो. पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर असतो, तो आजच फोनमध्ये साठवून ठेवा.

वाफेनं भाजलं तर

बांगड्या, अंगठी, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटं धरा. पाच मिनिटांत बरं वाटलं तरी सोडू नका, आतली कातडी अजून तापलेली असते. बर्फ लावू नका. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, काहीच नको. त्यानं उष्णता आत कोंडते, आणि डॉक्टरांना ते खरवडून काढावं लागतं ते वेगळंच. चिकटलेला कपडा ओढू नका, फोड फोडू नका. नंतर स्वच्छ सुती कापड सैल गुंडाळा. तोंड, डोळे, तळहात किंवा सांध्यावर भाजलं असेल, तळहातापेक्षा मोठा भाग असेल, किंवा भाजलेलं माणूस लहान मूल असेल तर थेट दवाखाना. तोंडावर वाफ आल्यावर आवाज बसला किंवा गिळताना दुखू लागलं तर घसा आतून भाजलाय, तेव्हा वाट न बघता 108 ला फोन करा.