इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप: आधी करार, मग पॅनेल

आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड भरला तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "खांबावर चढणार का गं तू?" आज मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. खांबावर चढायची वेळ अजून आलेली नाही, पॅनेलसमोर, म्हणजे मशीनची वीज जिथून चालू-बंद होते त्या कपाटासमोर, मात्र रोज उभी असते. दरवर्षी निकाल लागले की ओळखीतल्या मुलामुलींचे फोन सुरू होतात, "ताई, आयटीआय झालं, आता अप्रेंटिस कुठे लागू?" फोनवर घाईत सांगायचं राहून जातं, ते इथे लिहिते.

कुठे लागायचं हे नंतर बघू. आधी कराराचं बघा, कारण माझे तीन महिने त्यातच गेले. २०२१ साली आयटीआय झाल्या झाल्या एका छोट्या कारखान्यात 'अप्रेंटिस', म्हणजे शिकाऊ उमेदवार म्हणून लागले. पैसे रोख हातात मिळायचे. काम म्हणजे केबल ओढायची, शिडी धरायची, पंखे पुसायचे. तिसऱ्या महिन्यात अप्रेंटिसशिपच्या शेवटी असणाऱ्या परीक्षेचं विचारायला गेले तेव्हा कळलं की माझा करार कुठे नोंदवलेलाच नाही. मी शिकाऊ उमेदवार नव्हते, नुसती हेल्पर होते. ते तीन महिने कुठेच धरले गेले नाहीत. घरी येऊन खूप रडले होते.

म्हणून 'अप्रेंटिसशिप इंडिया' या सरकारी पोर्टलवर स्वतःची नोंदणी स्वतः करा. त्याला पैसे लागत नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. आधार, दहावीची आणि आयटीआयची गुणपत्रिका, आधारला जोडलेलं बँक खातं एवढं जवळ ठेवा. तिन्ही कागदांवर नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे का ते आधी तपासा. कंपनीने निवड केली की करार पोर्टलवर तयार होतो आणि तो आपण मान्य करायचा असतो. कराराचा क्रमांक हातात आल्याशिवाय कामाला सुरुवात करू नका. "या तर खरं, कागद होतील नंतर" असं कुणी म्हणालं तर दुसरं दार ठोठावा.

दारं बरीच आहेत. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तेव्हा एमआयडीसीत मोठ्या गेटवर जाऊन एचआरला थेट विचारायला लाजू नका, मला दुसरी जागा तशीच मिळाली. महावितरणच्या जाहिराती 'वीजतंत्री' आणि 'तारतंत्री' या नावांनी निघतात, तिथे निवड गुणांवर होते. रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण केली तर पुढे लेव्हल १ च्या (सगळ्यात खालच्या वेतनश्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा अशा उमेदवारांसाठी असतात. पण एक मनात पक्कं ठेवा, करारात तशी अट नसेल तर अप्रेंटिसशिपचं वर्ष संपल्यावर कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं.

आता पैशाचं. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराला महिन्याला किमान ७,००० रुपये स्टायपेंड, म्हणजे विद्यावेतन, ठरला. केंद्र सरकारच्या योजनेत असलेल्या कंपनीत स्टायपेंडचा काही वाटा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकारकडून थेट तुमच्या खात्यात येतो. मी मिरजेहून घरचा डबा घेऊन येत होते म्हणून भागलं. गाव लांब असेल तर रुजू होण्याआधी दोनच गोष्टी विचारा, कंपनीची बस आहे का आणि कँटीनला किती कापतात. खोली आणि मेसमध्येच बराचसा स्टायपेंड जातो. सरकारी परवानगीशिवाय ओव्हरटाइम तुमच्याकडून करून घेता येत नाही आणि कामावर इजा झाली तर कामगारासारखी भरपाई तुम्हालाही लागू आहे. हे माहीत असलेल्या पोराला कुणी गृहीत धरत नाही.

आत गेल्यावर स्वतःहून पॅनेलचं काम मागा. पहिला महिना शिडीच धरावी लागेल, धरा. पण पॅनेलच्या वायरिंगचं ड्रॉइंग उघडलं की शेजारी जाऊन उभं राहा. आमच्याकडे एकदा ब्लोअरच्या (हवा फेकणाऱ्या पंख्याच्या) मोटरचा ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद करणारं उपकरण, सारखा उडत होता. मेन बंद केला, वीज तोडणाऱ्या स्विचला, म्हणजे आयसोलेटरला, माझं कुलूप लावलं, 'काम चालू आहे'ची पाटी अडकवली. मी टर्मिनलला, म्हणजे तारा जोडतात त्या स्क्रूला, स्क्रू ड्रायव्हर लावणार, तेवढ्यात आमच्या सिनियर काकांनी माझं मनगट धरलं. "कुलपावर विश्वास नाही ठेवायचा, मीटरवर ठेवायचा."

मीटर म्हणजे व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर. तो आधी चालू सॉकेटवर लावायचा, २३० व्होल्टच्या आसपास दाखवतो ना ते बघायचं. मग आपल्या टर्मिनलवर फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, सगळ्या जोड्या मोजायच्या. मग पुन्हा चालू सॉकेटवर, म्हणजे मीटर मधेच मेला नाही याची खात्री होते. त्या दिवशी तिन्ही फेज शून्य होते आणि कंट्रोलच्या एका बारीक तारेवर २३० व्होल्ट! दोन मशीनना एकमेकांशी बांधणारी ही इंटरलॉकची तार शेजारच्या पॅनेलमधून आलेली होती. मी त्याच तारेला हात घालणार होते.

तो पॅनेलही बंद करून पुन्हा मोजलं, तेव्हा कुठे काम सुरू झालं. दोष साधा निघाला. एका फेजची लग, म्हणजे तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा तुकडा, सैल होऊन काळी पडली होती. त्या फेजला वीज नीट मिळत नव्हती, उरलेल्या दोन फेजमध्ये करंट वाढायचा आणि रिले उडायचा. जळका तुकडा कापून नवी लग मी क्रिम्प केली, म्हणजे दाबून घट्ट बसवली.

अशी प्रत्येक गोष्ट रात्री वहीत लिहा. मशीन, तक्रार, कारण, आपण काय केलं, आणि हाताने काढलेलं सर्किट. कंपनीच्या लॉगबुकमध्ये सही होते, पण आपली वही वेगळी हवी. नोकरीच्या मुलाखतीत मला मोठी मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा पद्धतीचं कंट्रोल सर्किट काढायला सांगितलं, ते मी वहीत चार वेळा काढलेलं होतं.

वर्षाच्या शेवटी परीक्षा होते आणि पास झालात की राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. कारखान्यातल्या नोकरीला तेच विचारतात. बाहेर वायरिंगची कामं घ्यायची असतील तर राज्य शासनाचा तारतंत्री परवाना वेगळा काढावा लागतो, त्याची चौकशी वर्ष संपायच्या आतच करून ठेवा.

आणि पहिल्या स्टायपेंडमधून मोबाइल घेऊ नका. चांगला मल्टिमीटर घ्या, 'कॅट थ्री ६०० व्होल्ट' हा सुरक्षेचा दर्जा कोरलेला, आणि त्याच्या प्रोबच्या तारा दर सोमवारी वाकवून बघा, कुठे चीर गेली आहे का.