गिनीपिगचं ऑपरेशन झालं? टाके कमी बघा, लेंड्या जास्त बघा

आमच्या चिंगीचा मुतखडा काढला तेव्हापासून ओळखीत कुणाचं गिनीपिग आजारी पडलं की फोन माझ्याकडंच येतो, जशी काय मीच डॉक्टर. म्हणलं एकदाच सगळं लिहून टाकावं. मी डॉक्टर नाही, औषधाचा डोस मी सांगणार नाही, तो वजनावर काढावा लागतो अन् ते काम डॉक्टरचंच. घरी आणल्यावर काय काय करायचं तेवढं सांगते.

सगळ्यात आधी हे डोक्यात बसवा की ऑपरेशन झालेलं गिनीपिग टाक्यांनी कमी अन् पोट थांबल्यानं जास्त दगावतं. आपली एकादशी अन् दुप्पट खाशी चालून जाते, यांना एकादशीच नसते. गवत खाणारं जनावर, आतडं सतत चालू लागतं, १२ तास पोटात काही गेलं नाही की आतडं मंदावतं, गॅस धरतो, गॅसनं पोट दुखतं, दुखतं म्हणून अजून खात नाही, अन् हे चक्र एकदा सुरू झालं की एक-दीड दिवसात खेळ खलास. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का हे डॉक्टरला स्पष्ट विचारा. आम्हाला एका ठिकाणी फोनवरच "रात्रीपासून काही देऊ नका" म्हणून सांगितलं, म्हणजे सरळ कुत्र्याचा नियम लावला. कुत्र्याला भुलीत उलटी होते म्हणून उपाशी ठेवतात, गिनीपिगला उलटी करताच येत नाही. आम्ही तिथं गेलोच नाही, संभाजीनगरला ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी उलट तिचं नेहमीचं गवत डब्यात भरून सोबतच आणायला लावलं. आपल्याकडं परभणीला अन् उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत, पण कुठंही जायचं तर आधी फोन करून गिनीपिग बघता का, याआधी भूल दिलीय का, एवढं विचारूनच निघा, उगं साठ-सत्तर किलोमीटर जाऊन परत यायची वेळ नको.

दवाखान्यातून निघताना तीन गोष्टी विचारा: शुद्धीवर आल्यावर काही खाल्लं का, लेंडी टाकली का, अन् दुखण्याचं औषध कोणतं अन् पुढचा डोस किती वाजता. लिहूनच घ्या, आपलं डोकं तेव्हा ठिकाणावर नसतं.

पहिली रात्र

इथं आमच्याकडून चूक झाली ती सांगते. एप्रिल महिना, जालन्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, अन् गिनीपिगला २६-२७ डिग्रीच्या वर सोसत नाही हे आम्हाला पाठ. म्हणून आल्या आल्या पेटी कूलरसमोर ठेवली. अर्ध्या तासानं पोरीनं कानाला हात लावला अन् म्हणाली, "आई, हिचे कान बर्फ झालेत." भुलीतून उठलेल्या जनावराला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, बाहेर कितीही ऊन असू दे. लगेच कूलरपासून हलवली, कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून पेटीच्या एका बाजूला ठेवली, एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येतं. वीसेक मिनिटांत कान नेहमीसारखे झाले अन् ती गवताकडं सरकली. तर पहिला दिवस ऊब, अन् दुसऱ्या दिवसापासून मग उन्हाळ्याची काळजी: कूलर त्याच खोलीत पण वारा अंगावर नको, लाईट गेली तर बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायची.

पेटीत भुसा अजिबात नको, टाक्यांना चिकटतो. जुनं सुती काहीही चालतं, अन् पांढरं असलं तर सगळ्यात भारी कारण रक्ताचा थेंब, लघवीचा रंग सगळं दिसतं. आम्ही सासऱ्यांचं जुनं धोतर फाडून त्याचे आठ तुकडे केले, सकाळ-संध्याकाळ बदलायचे. लपायला पुठ्ठ्याचा डबा आडवा ठेवा, वरच्या मजल्याचा पिंजरा असेल तर शिडी काढून टाका.

माशा हा आपल्याकडचा मोठा ताप. ओल्या जागेवर माशी बसली की अंडी घालते अन् एका दिवसात अळ्या पडतात, पावसाळ्यात तर हमखास. तान्ह्या लेकरावर झाकतात ना ती छत्रीसारखी छोटी मच्छरदाणी, ती अख्ख्या पेटीवर टाकली की काम झालं. भरवताना सांडलेल्याला मुंग्या येतात, तर पेटी पाटावर अन् पाटाच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांचा खडू मात्र जवळपास ओढायचा नाही, ते विष आहे. मच्छर अगरबत्ती पण त्या खोलीत नको, यांची छाती नाजूक असते.

भरवणं

घरी आल्यावर पाच-सहा तासांत स्वतःहून गवत खाल्लं तर छान, नाही तर वाट बघत बसू नका, हातानं भरवायला लागा. ऑक्सबोचं क्रिटिकल केअर म्हणून पावडर ऑनलाईन मिळते, ऑपरेशनच्या आधीच मागवून ठेवा, आपल्या गावात ऐन वेळेला मिळणार नाही. नसेल तर नेहमीच्या पेलेट्स, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, चहाच्या गाळणीनं दाबून काढा, ताकापेक्षा घट्ट अन् पिठल्यापेक्षा पातळ असं पाहिजे. मेडिकलवरून १ मिलीच्या सिरिंज आणायच्या, सुई टाकून द्यायची, पुढचं टोक ब्लेडनं कापून नखाच्या कानशीनं गुळगुळीत करायचं, नाही तर चोथा अडकतो अन् जोरात दाबलं की फस्सकन सगळं नाकात.

टॉवेलात सैल गुंडाळायची, पोटावर दाब नको. उताणी कधीच धरायची नाही, चारी पाय खाली अन् तोंड समोर असं मांडीवर घ्यायचं. सिरिंज समोरून नाही, बाजूनं, पुढच्या दातांच्या मागं जी मोकळी जागा असते तिथून आत. ०.२ मिली सोडा अन् थांबा. चावू द्या. गिळलं की पुढचं. घाईत एकदम सोडलं तर श्वासनलिकेत जातं अन् न्यूमोनिया होतो. दिवसाला किलोमागं ५० ते ८० मिली धरतात, चिंगी ८४० ग्रॅमची होती म्हणजे ४५-५० मिली, पाच-सहा वेळात वाटून. १ मिलीच्या सिरिंजनं पन्नास वेळा भरणं आलं की नाही, तर आठ-दहा सिरिंज आधीच भरून ताटात मांडून बसायचं. रात्री एकचा अन् पहाटे पाचचा नंबर आमच्या ह्यांचा होता, लग्नात रात्रभर जागून आलेल्यासारखे डोळे घेऊन ऑफिसला जायचे बिचारे. स्वतःहून खायला लागली की हळूहळू कमी करा, एकदम बंद नको.

अन् एक, दूध-पोळी नको. सासूबाईंचा जीव तुटत होता, "इवलंसं लेकरू, जरा दूध तरी पाज," पण दूध, पोळी, भाकरी, भात, बिस्कीट यातलं काहीच यांना झेपत नाही, त्यातून आधीच मंद झालेलं पोट.

आता लेंड्या

रोज सकाळी धोतराचा तुकडा उचलायच्या आधी लेंड्या मोजायच्या. हसू नका. आम्ही कॅलेंडरवरच लिहित होतो, दुधाचा हिशोब असतो त्याच्या बाजूला. पहिल्या दिवशी ९. दुसऱ्या दिवशी २२, पण बारीक, एका टोकाला निमुळत्या. तिसऱ्या दिवशी ६० च्या वर अन् नेहमीसारख्या लांबट, भरलेल्या, तेव्हा कुठं घरात कुणीतरी मोठ्यानं बोललं. बारीक झाल्या म्हणजे पोटात कमी चाललंय, भरवणं वाढवा. बाराएक तासात एकही नाही, तर डॉक्टरला फोन. पातळ झालं तर त्याहून लवकर. अन् पोट फुगून टिचकीला हलगीसारखं वाजायला लागलं तर फोनबिन नाही, सरळ गाडी काढा.

वजन रोज एकाच वेळेला, किराणा मोजायचा डिजिटल काटा अन् त्यावर प्लास्टिकचा डबा. पहिल्या दोन दिवसांत थोडं उतरतंच, चिंगी ८४० वरून ७९५ वर आली होती, पण रोज उतरतच चाललंय असं दिसलं तर थांबू नका. काट्याला जे आधी कळतं ते डोळ्याला चार दिवसांनी कळतं, कारण हे शिकार होणारं जनावर, दुखणं लपवायचं हाच त्याचा स्वभाव. तरी लक्ष दिलं तर कळतं: पाठीचं कुबड काढून बसणं, केस फुलवणं, अर्धे डोळे मिटणं, दात करकर वाजवणं, अन् कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला तरी न ओरडणं.

औषधं

दुखण्याचं औषध सोडू नका, "आता बरी दिसायलीय" म्हणून तर मुळीच नाही. दुखत असेल तर खाणार नाही, अन् खाल्लं नाही तर वर सांगितलंच आहे. बहुतेक डॉक्टर मेलॉक्सिकॅमचं सिरप देतात, गोड असतं, चिंगी सिरिंज ओढून घ्यायची. घरातली आपली क्रोसिन, ब्रुफेन अर्धी-पाव करून कधीच द्यायची नाही.

अँटिबायोटिकचं मात्र नाव वाचल्याशिवाय तोंडात घालू नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन, यातलं काहीही तोंडातून दिलं तर गिनीपिगच्या पोटातले चांगले जंतू मरतात, विषारी जंतू माजतात अन् हगवण लागून जनावर जातं. आमच्या एका ओळखीच्यांना एका दवाखान्यातून लहान मुलांचे अमॉक्सिसिलिनचे थेंब दिले होते, त्यांचं गिनीपिग वाचलं नाही. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा साधारण चालतात. चिठ्ठीवर वरचं एखादं नाव दिसलं तर लाजायचं नाही, "डॉक्टर, हे गिनीपिगला चालतं का" विचारायचं.

जखम

दिवसातून दोनदा बघा, हात धुऊन, अन् रोज मोबाईलवर फोटो काढा, कालच्याशी ताडून बघता येतं. कडेला जरा लाली, जरा सूज चालते. सूज वाढत चालली, गरम लागली, पू आला, वास आला, टाका सुटला, तर डॉक्टर. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय काही लावायचं नाही. आमच्याकडं लगेच हुकूम सुटला, "हळद दाब गं त्याच्यावर, उद्या बघ कसं कोरडं पडतंय." हळद नको, डेटॉल नको, खोबरेल नको, ती चाटणार अन् सगळं पोटात. आंघोळ तर टाके निघेपर्यंत विसरा. गळ्यात प्लास्टिकची कॉलर पण शक्यतो नको, कॉलर घातली की हे घाबरून खाणं सोडतात, शिवाय स्वतःची मऊ विष्ठा यांना तोंड लावून परत खावी लागते, त्यातूनच जीवनसत्त्वं मिळतात, कॉलरमुळं ते पण बंद.

मुतखड्याचं ऑपरेशन असेल तर पहिले एक-दोन दिवस लघवी गुलाबी येऊ शकते, पण लघवीच आली नाही किंवा करताना ओरडायली तर त्याच दिवशी दाखवा.

चारा-पाणी

हाताशी गवत चोवीस तास पाहिजे. टिमोथी गवत ऑनलाईन मिळतं, महाग आहे पण हे पंधरा दिवस घ्याच. मोंढ्यातून किंवा शेतातून आणत असाल तर औषध न फवारलेली हरळी, स्वच्छ धुऊन कोरडी करून. लसूणघास सहज मिळतो अन् आवडतो पण, पण त्यात कॅल्शियम लई, मोठ्या गिनीपिगला रोज नको अन् मुतखडावाल्याला तर नकोच. कोवळी हिरवी ज्वारी आणूच नका, तिच्यानं गुरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको, मग एवढ्याशा जीवाचं काय.

जखम भरायला क जीवनसत्त्व लागतं अन् आपल्यासारखंच यांच्याही अंगात ते तयार होत नाही. आजारपणात किलोमागं रोज ३० ते ५० मिलीग्रॅम धरतात. ढोबळी मिरचीत १०० ग्रॅमला ८० च्या आसपास असतं, म्हणजे अर्धी मिरची रोज, झालं. पेरूची छोटी फोड कधीमधी. थेंब पाण्याच्या बाटलीत टाकायचे नाहीत, पाण्यात त्याची ताकद उतरते अन् चव बदलली की पाणीच पीत नाहीत. मुतखडावाल्यांना पालक बंद, भाजी धुऊन ओलीच द्या, तेवढंच पाणी पोटात जातं, काकडी पण चालते.

जोडीदार असेल तर लांबच्या खोलीत नको, मधे जाळी लावून शेजारी ठेवा, एकटं पडलं की हे खात नाहीत. आमची मनी, म्हणजे चिंगीची जोडीदार, जाळीला नाक लावून बसायची अन् ती खायला लागली की इकडं चिंगी पण तोंड चालवायची. नराची नसबंदी केली असेल तर मादीबरोबर लगेच सोडू नका, त्यानंतरही महिना-दीड महिना पिल्लं होऊ शकतात.

टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, चिंगीचे बाराव्या दिवशी निघाले. संभाजीनगरला सकाळी सातलाच निघालो ऊन व्हायच्या आत, पेटीत गवत अन् काकडीचे काप, बदनापूर येईपर्यंत सगळे काप संपले होते. मुतखडा परत होतो म्हणून डॉक्टरनं तीन महिन्यांनी एक्स-रे सांगितलाय, अन् वजन आता आठवड्यातून एकदा, रविवारी, त्याच काट्यावर. मागच्या रविवारी ८६०.